प्लाझ्मातलं प्रोटीन काढलं, तरी सिग्नल पडतोच: मेटोप्रोलोल, एलसी-एमएस/एमएस

अंबड_लिंकरोड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मानवी प्लाझ्मातून मेटोप्रोलोल (रक्तदाबाचं औषध) एलसी-एमएस/एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री) मोजायचं आहे, रेंज १ ते ५०० नॅनोग्रॅम/एमएल. सध्याची रीत अशी:

प्लाझ्मा १०० मायक्रोलिटर, त्यात अ‍ॅटेनोलोल (इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या मात्रेत घातलेलं दुसरं औषध) २० मायक्रोलिटर, मग मेथनॉल ३०० मायक्रोलिटर. एक मिनिट व्हॉर्टेक्स, १०,००० आरपीएमला ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज आणि वरचं निवळ थेट व्हायलमध्ये. इंजेक्शन १० मायक्रोलिटर. कॉलम सी-१८, ५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मेथनॉल आणि १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट (०.१% फॉर्मिक अ‍ॅसिडसह) ६०:४०, आयसोक्रॅटिक (मिश्रण शेवटपर्यंत तेच), फ्लो ०.६ एमएल/मिनिट. अ‍ॅटेनोलोल १.० मिनिटाला, मेटोप्रोलोल १.६ ला येतं. रन ३ मिनिटांचा. ट्रान्झिशन (मूळ आयन → त्याचा तुकडा, वस्तुमानाने) मेटोप्रोलोल २६८→११६ आणि अ‍ॅटेनोलोल २६७→१४५.

अडचणी:
– रिकव्हरी (घातलेल्यातलं किती हाती आलं) ६१ टक्केच येते. शुद्ध द्रावणाशी तुलना करून काढली आहे.
– ८० इंजेक्शनच्या बॅचमध्ये मेटोप्रोलोलचा एरिया हळूहळू उतरतो. एलएलओक्यूला (खात्रीने मोजता येणारी सर्वांत कमी मात्रा) सीव्ही (आकड्यांतला विखुरलेपणा) २४ टक्के.
– बॅक प्रेशर ९० बारवरून १६० वर गेलं.
– फ्रीझरमधून काढलेल्या काही सँपलमध्ये तंतू दिसतात, टिप चोंदते.

कॅलिब्रेशनसाठी ब्लँक प्लाझ्मा ब्लड बँकेतून घेतलेला आहे, सँपल मात्र के२ ईडीटीए (रक्त न गोठू देणारा क्षार) ट्यूबमधले. हाताशी १२ तोंडांचा व्हॅक्यूम मॅनिफोल्ड आणि नायट्रोजन इव्हॅपोरेटर आहे. ९६ वेलचा सरंजाम नाही. एसपीईच्या (औषध घन कणांवर धरून धुणं) कार्ट्रिजवर खर्च करावा की लिक्विड-लिक्विडने (एलएलई, पाण्यात न मिसळणाऱ्या सॉल्व्हंटात औषध ओढणं) भागेल? नाशकात कोणी हे रोज करत असेल तर नीट सांगा.

---

गोदाकाठचा_क्वाड्रुपोल

एसपीई की एलएलई हे नंतर बघू. आधी तो ६१ चा आकडा सोडवा, कारण तो रिकव्हरीचा नाहीच. त्यात दोन वेगळे आकडे एकमेकांत मिसळलेत.

तीन संच करा, प्रत्येकी निदान पाच-सहा व्हायल:

अ – शुद्ध द्रावणात औषध, प्लाझ्मा नाही.
ब – ब्लँक प्लाझ्मा तुमच्या रीतीने पूर्ण साफ करायचा आणि शेवटी त्या निवळात औषध घालायचं.
क – आधी प्लाझ्मात औषध घालायचं, मग साफ करायचं.

तिन्हींत शेवटची कॉन्सन्ट्रेशन सारखी यायला हवी, हा हिशेब चुकला तर सगळंच चुकतं. तुमच्या रीतीत १०० मायक्रोलिटरचे शेवटी साधारण ४२० होतात. ते डायल्यूशन ‘अ’ आणि ‘ब’ मध्येही धरा. ‘अ’ चं द्रावणही त्याच सॉल्व्हंटात हवं, म्हणजे तीन भाग मेथनॉल आणि एक भाग पाणी. नाहीतर पीकचा आकार बदलतो आणि तुलना बिघडते.

ब भागिले अ म्हणजे मॅट्रिक्स इफेक्ट (प्लाझ्मातल्या इतर घटकांचा सिग्नलवरचा परिणाम). क भागिले ब म्हणजे खरी रिकव्हरी. क भागिले अ म्हणजे दोन्हींचा गुणाकार, आणि तुम्ही तोच काढलाय. समजा अ = १,००,०००, ब = ६४,००० आणि क = ६१,०००. मग रिकव्हरी ९५ टक्के आहे, औषध कुठेही हरवत नाही. पण सोर्समध्ये (जिथे औषधाचे आयन बनतात) ३६ टक्के सिग्नल दाबला जातोय. अशा वेळी रिकव्हरी वाढवायच्या मागे लागणं म्हणजे पाय मोडलेला असताना चष्म्याचा नंबर तपासणं.

दाबतं कोण? बहुतेक वेळा फॉस्फोलिपिड (पेशींच्या पडद्यात असतात ती स्निग्ध द्रव्यं). दूध नासवून छेना गाळला तरी निवळी म्हणजे पाणी नव्हे, त्यात किती काय राहिलेलं असतं. मेथनॉलचंही तेच: प्रोटीन खाली बसतं आणि फॉस्फोलिपिड मेथनॉलमध्ये छान विरघळून निवळात येतात. डोळ्यांना ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, म्हणूनच फसायला होतं.

तुमच्या रीतीत आणखी एक भर पडते. ६० टक्के मेथनॉलला, आयसोक्रॅटिकमध्ये, फॉस्फोलिपिड तीन मिनिटांत कॉलमबाहेर पडत नाहीत. लायसो जातीचे (एकच शेपटी असलेले, लहान) रेंगाळत पुढच्या कुठल्यातरी इंजेक्शनमध्ये उतरतात, मोठे फॉस्फॅटिडिलकोलिन तर कॉलमवरच ठाण मांडतात. दहाव्या इंजेक्शनच्या पीकखाली चौथ्याची घाण येते. एरिया हळूहळू उतरण्याचं आणि एलएलओक्यूच्या सीव्हीचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मेथडमध्ये दोन-चार ट्रान्झिशन जोडा, पॉझिटिव्ह मोडमध्ये: ४९६→१८४ आणि ५२४→१८४ (लायसो), ७५८→१८४ आणि ७८६→१८४ (फॉस्फॅटिडिलकोलिन). किंवा एकच १८४→१८४ ठेवा, कोन व्होल्टेज चढं आणि कोलिजन एनर्जी अगदी कमी. सोर्समध्येच तुटून १८४ चा कोलिनचा तुकडा सुटतो आणि सगळी जात एकाच ट्रेसमध्ये दिसते. एकच प्लाझ्मा इंजेक्शन द्या, मग लागोपाठ दहा शुद्ध मेथनॉलची. मेथनॉलच्या रनमध्येही १८४ चे डोंगर दिसले की समजा.

दुसरी चाचणी पोस्ट-कॉलम इन्फ्यूजन. सिरिंज पंपाने मेटोप्रोलोल टी-जॉइंटमधून ५ ते १० मायक्रोलिटर/मिनिट सोडत राहायचं आणि कॉलमवर साफ केलेला ब्लँक प्लाझ्मा इंजेक्ट करायचा. सरळ रेषेत जिथे खड्डा पडतो, तिथे सिग्नल दाबला जातोय. १.० मिनिटाच्या आसपास तुम्हाला मोठा खड्डा दिसेल, कारण या कॉलमचं डेड टाइमच (कॉलमवर न अडकणारं काहीही बाहेर यायला लागणारा वेळ) जवळपास ०.९ मिनिट आहे. अ‍ॅटेनोलोल मीठ-युरियाच्या लोंढ्यासोबतच बाहेर पडतंय.

आज करता येईल असं: रनच्या शेवटी ९५ टक्के मेथनॉलचं वॉश दीड मिनिट द्या, मग दीड मिनिट इक्विलिब्रेशन. इथे एसीटोनायट्राइल नको, ते फॉस्फोलिपिड नीट उतरवत नाही. मेथनॉल चालेल, आयसोप्रोपनॉल मिसळलं तर आणखी बरं. वॉश चालू असताना डायव्हर्ट व्हॉल्व्ह वेस्टकडे ठेवा. हे कॉलमपुरतं झालं. सँपल साफ करायचं काम त्याने टळत नाही.

---

साय_आणि_साका

वरच्यांनी सोर्सकडून सुरुवात केली, मी फ्रीझरकडून करतो. तंतू आणि बॅक प्रेशरचं मूळ तिथे आहे.

तंतू म्हणजे फायब्रिन. गोठवून वितळवलेल्या प्लाझ्मात ते येणारच. सँपल रूम टेंपरेचरच्या पाण्यात वितळवा, ३७ अंशांच्या बाथमध्ये नको. आणि ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द नाशकात जरा जपून वापरा. जानेवारीत सकाळी आठला आणि मे महिन्यात दुपारी तीनला तीच खोली एक नसते. एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) २० ते २५ अंश असा आकडाच लिहा आणि पाण्यात थर्मामीटर ठेवा.

पूर्ण वितळल्यावर आधी व्हॉर्टेक्स. हे विसरलं तर मोठी चूक, कारण गोठताना पाणी वर आणि प्रोटीन-मीठ खाली असे थर झालेले असतात. मग ३,००० ते ४,००० जीला ५ ते १० मिनिटं. आता ट्यूब उजेडात धरून बघा: वर सायीसारखा पांढुरका पातळ थर, तळाला तंतूंचा साका, मध्ये पिवळसर स्वच्छ प्लाझ्मा. टिप मधल्या भागात न्यायची आणि सावकाश ओढायची. जेवणानंतरच्या रक्ताचं सँपल असेल तर साय जाडच निघते. ती टिपेत आली की १०० मायक्रोलिटर हे १०० राहत नाहीत.

आता ‘१०,००० आरपीएम’. याला रोटरची त्रिज्या सांगितल्याशिवाय अर्थ नाही. जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. रोटर ७ सेंमीचा असेल तर १०,००० ला फक्त ७,८०० जी होतात. तेच १३,००० आरपीएमला १३,२०० जी. प्रोटीन पाडल्यावर १२,००० जीच्या वर, ४ अंशांना, १० मिनिटं द्या. ५ मिनिटांत बारीक कण तरंगत राहतात, व्हायलमध्ये जातात आणि फ्रिटवर जाऊन बसतात. तुमचे ७० बार तिथेच वाढले. कॉलमच्या आधी ०.२ मायक्रॉनचा इनलाइन फिल्टर किंवा गार्ड लावाच. कॉलमपेक्षा तो कैक पटीने स्वस्त पडतो.

प्रोटीन पाडायचंच असेल तर मेथनॉलऐवजी एसीटोनायट्राइल घ्या, एकास तीन. प्रोटीन जास्त पडतं, फॉस्फोलिपिड कमी येतात (जात नाहीत, कमी येतात). ते व्हॉर्टेक्स चालू ठेवून घालायचं. एकदम ओतलं तर गोळे होतात आणि औषध गोळ्यात अडकतं. एसीटोनायट्राइल साध्या पिपेटमधून गळतं, म्हणून टिप त्याच सॉल्व्हंटने दोन-तीनदा भरून रिकामी करायची, मगच मोजायचं. आणि हे निवळ थेट १० मायक्रोलिटर इंजेक्ट करू नका. ७५ टक्के एसीटोनायट्राइल तुमच्या मोबाइल फेजपेक्षा जोरकस आहे, त्याने पीक पुढे पसरतो किंवा फाटतो. समान पाणी (०.१% फॉर्मिकसह) मिसळा, पुन्हा एकदा सेंट्रिफ्यूज करा, कारण पाणी घातल्यावर कधीकधी उरलंसुरलं प्रोटीन गढूळपणा आणतं, आणि ५ मायक्रोलिटर द्या.

ब्लड बँकेच्या प्लाझ्माबद्दल. ४५० एमएलच्या पिशवीत सीपीडीए-१ चे (रक्त न गोठू देणारं द्रावण) ६३ एमएल असतात, ३५० च्या पिशवीत ४९. हे सगळं द्रावण प्लाझ्माच्या वाट्याला जातं, तांबड्या पेशींच्या नव्हे. म्हणजे तुमचा ब्लँक प्लाझ्मा साधारण पाचवा हिस्सा सायट्रेट-डेक्स्ट्रोजचं पाणी आहे. प्रोटीन कमी, फॉस्फोलिपिड कमी, अँटिकोआग्युलंट वेगळा. कॅलिब्रेशन एका मॅट्रिक्सचं आणि सँपल दुसऱ्याच. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन के२ ईडीटीएमध्येच ब्लँक गोळा करा. सहा वेगवेगळ्या व्यक्तींचा, आणि तो एकत्र न मिसळता.

---

द्राक्षबाग_एमआरएल

मी औषधवाला नाही, द्राक्षांच्या रेसिड्यूवाला (कीटकनाशकांचे अंश तपासणारा). पण प्रश्न वाचून वाटलं, तुम्ही लोक क्वेचर्स का करत नाही? १० ग्रॅम द्राक्षाचा लगदा, १० एमएल एसीटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ, हलवा, फिरवा. वरचा थर घेऊन पीएसए (अमाइन गट लावलेली पावडर) टाका. द्राक्षांना ही रीत चालते. प्लाझ्मा तर लगद्यापेक्षा पातळच.

---

गोदाकाठचा_क्वाड्रुपोल

दादा, निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं कामाचं आहे.

मीठ घालून एसीटोनायट्राइल वेगळं करणं प्लाझ्मात सर्रास चालतं, सॉल्टिंग-आउट म्हणतात. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, ३०० एसीटोनायट्राइल, व्हॉर्टेक्स, मग १०० मायक्रोलिटर घट्ट अमोनियम फॉर्मेट किंवा अ‍ॅसिटेट (५ ते १० मोलर). सेंट्रिफ्यूज केलं की वर एसीटोनायट्राइल, खाली पाणी आणि मध्ये प्रोटीनची चकती. मॅग्नेशियम सल्फेटही चालतं, पण ते उडून जाणारं नाही. थोडंसं वरच्या थरात आलं तरी सोर्सच्या कोनवर पांढरं साचतं. अमोनियम क्षार बरे ते यासाठी. मीठ-युरियाचा लोंढा याने बराच कमी होतो.

पण पीएसए द्राक्षातली साखर आणि सेंद्रिय आम्लं धरायला असतं. प्लाझ्मातला आमचा शत्रू फॉस्फोलिपिड, आणि तो एसीटोनायट्राइलच्या थरात सुखाने बसतो. अंबडवाल्यांची मुख्य अडचण यातून सुटणार नाही.

---

पीएच_बघितला_का

मेटोप्रोलोलसारख्या बेसला (अल्कलीधर्मी औषधाला) लिक्विड-लिक्विड म्हणजे घरचंच काम. कार्ट्रिजवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध चार्ज असतं तो अंक) ९.६ ते ९.७. एलएलईत औषध चार्ज नसलेल्या रूपात हवं, नाहीतर ते पाणी सोडत नाही. पीकेएपेक्षा दोन अंक वर गेलात तर ९९ टक्के मोकळं होतं. पीएच ११ ला ९६ टक्के असतं, तेवढं पुरतं. पीएच १० ला मात्र ७० टक्केच, आणि तिथे ०.२ चा फरकसुद्धा रिकव्हरी हलवतो. जुना प्लाझ्मा उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड उडून त्याचा पीएच ८ च्या पुढे सरकतो, म्हणून बफरशिवाय प्लाझ्माच्या पीएचवर विसंबू नका.

कृती: प्लाझ्मा २०० मायक्रोलिटर, इंटर्नल स्टँडर्ड २५, ०.५ मोलर सोडियम कार्बोनेट १०० (निर्जल ५.३ ग्रॅम, पाणी घालून १०० एमएल). ३० सेकंद व्हॉर्टेक्स. पहिल्या दिवशी एका ट्यूबमधला थेंब पीएच पट्टीवर टेकवून बघा, ११ दिसला पाहिजे. मग एमटीबीई (मिथिल टर्ट-ब्यूटिल इथर, पाण्यावर तरंगणारं सॉल्व्हंट) १.२ एमएल. ट्यूब रोटरी मिक्सरवर १५ मिनिटं सावकाश फिरू द्या. ४,००० जीला ५ मिनिटं. वरचा थर बरोबर १ एमएल काढून दुसऱ्या ट्यूबमध्ये. नायट्रोजनखाली ४० अंशांना कोरडं. मेथनॉल आणि फॉर्मेट बफर ४०:६० च्या १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा, एक मिनिट व्हॉर्टेक्स, भिंतीही धुवून घ्या.

इथे हमखास काय बिघडतं ते सांगतो.

इमल्शन. जोरात व्हॉर्टेक्स केलं की ताक घुसळल्यासारखा मध्ये फेसाळ लोण्याचा थर तयार होतो आणि सेंट्रिफ्यूजलाही जुमानत नाही. सावकाश उलट-सुलट फिरवणं हाच उपाय. झालंच तर थोडं मीठ घालून, थंड करून पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

खालचं पाणी ओढलं जाणं. पूर्ण वरचा थर घेण्याचा मोह टाळा, १.२ पैकी १ एमएलच घ्या. इंटर्नल स्टँडर्ड आधीच घातलेला असल्याने २०० मायक्रोलिटर मागे राहिले तरी बिघडत नाही. ट्यूब उणे ८० मध्ये ठेवून खालचा थर गोठवून वरचा सरळ ओतून घेणं आणखी छान. एमटीबीई त्या तापमानाला गोठत नाही.

सॉल्व्हंटची निवड. इथिल अ‍ॅसिटेट जास्त ओढतं, पण घाणही ओढतं, आणि तीव्र अल्कलीत हळूहळू तुटून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड देतं, म्हणजे पीएच खाली. डायक्लोरोमेथेन खाली बसतं, प्रोटीनच्या चकतीतून पिपेट घुसवावी लागते. डायइथिल इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात. एमटीबीईला यातलं काही नाही. फक्त ते ५५ अंशांनाच उकळतं, एप्रिल-मे महिन्यात पिपेटमधून टपकत राहतं. बाटली बर्फावर ठेवा. आणि ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्याच. पॉलिस्टायरीन एमटीबीईत मऊ पडतं.

आता खरा धोका: अ‍ॅटेनोलोल. एलएलईला गेलात आणि हाच इंटर्नल स्टँडर्ड ठेवला तर पडाल. अ‍ॅटेनोलोल पाण्याचं प्रेमी आहे, पीएच कितीही चढवला तरी एमटीबीईत जेमतेम येतं. सध्याच्या रीतीतही ते १.० मिनिटाला मिठाच्या खड्ड्यात आणि औषध १.६ ला वेगळ्याच खड्ड्यात. एकाची भरपाई दुसरा कशी करणार? शिवाय २६८→११६ हे ट्रान्झिशन नीट बघा. अ‍ॅटेनोलोलही ११६ चा तुकडा देतं, आणि त्याच्या कार्बन-१३ मुळे २६८ वर त्याचा समस्थानिक येतो. औषधाच्या चॅनेलमध्ये १.० मिनिटाला जो छोटा पीक दिसत असेल तो हाच. आज वेळेने वेगळा आहे म्हणून चाललंय. कॉलम म्हातारा झाला किंवा ग्रेडिएंट बदललं आणि दोन्ही जवळ आले, की एलएलओक्यू गेलाच समजा.

मेटोप्रोलोल-डी७ (सात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं तेच औषध) घ्या, २७५→१२३. ड्युटेरियम आयसोप्रोपिलवर आणि तुकड्यात आयसोप्रोपिल येतं, म्हणून ११६ चे १२३ होतात. औषधासोबतच उतरतो, त्याच खड्ड्यात पडतो, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. महाग आहे, पण एका सँपलला लागतो किती? कार्ट्रिजवर खर्च करण्याआधी इथे करा. फक्त त्यात न बदललेलं मेटोप्रोलोल किती आहे ते तपासा. ब्लँकमध्ये नुसता डी७ घालून २६८→११६ बघायचं. तिथला पीक एलएलओक्यूच्या २० टक्क्यांच्या आत हवा.

---

अंबड_लिंकरोड

सगळ्यांचे आभार. तिन्ही संच लावले, सरासरी: अ १,१२,४००, ब ७०,८००, क ६८,७००. म्हणजे मॅट्रिक्स ६३ टक्के, रिकव्हरी ९७. मेथनॉलच्या ब्लँक रनमध्ये ४९६→१८४ दिसतोय, सहाव्या इंजेक्शनपर्यंत. डी७ मागवतो.

दोन शंका. एलएलई केलं तर हिमोलाइज्ड (तांबड्या पेशी फुटलेल्या) सँपलचं काय? काही ट्यूब चक्क चहाच्या रंगाच्या आहेत. आणि तरीही एसपीई करायचं ठरवलं तर कार्ट्रिज कोणतं, सी-१८ की मिक्स्ड मोड?

---

पीएच_बघितला_का

हिमोलाइज्ड सँपलमध्ये इमल्शन जास्त होतं, एवढं लक्षात ठेवा. मिक्सर आणखी सावकाश. हिमोलाइज्ड आणि लिपेमिक (चरबीने गढूळ) प्लाझ्मा वेगळा करून त्यात क्यूसी (माहीत असलेल्या मात्रेची तपासणी) घाला आणि साध्या प्लाझ्माच्या कॅलिब्रेशनवर वाचा, ±१५ टक्क्यांत बसलं पाहिजे. आयसीएच एम१० (अशा मोजणीच्या पद्धती पडताळण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, २०२२) मध्ये मॅट्रिक्स इफेक्टसाठी निदान सहा वेगळे स्रोत, लो आणि हाय क्यूसी, प्रत्येकी तीन वेळा असं मागितलंय. हे काम कधीतरी करावंच लागणार, तर आत्ताच करून घ्या. रिकव्हरी १०० असलीच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. ७० असली तरी सगळीकडे ७० असू द्या.

---

मॅनिफोल्ड_मावशी

एसपीईसाठी सी-१८ नको. त्याच्यावर औषध जसं चिकटतं तसेच फॉस्फोलिपिड चिकटतात, आणि मेथनॉलने उतरवलं की दोघंही हातात हात घालून येतात. बेससाठी मिक्स्ड मोड कॅटायन एक्स्चेंज (तेलकट आणि आयनिक, दोन्ही बंधांनी धरणारं) घ्या, पॉलिमरचं, ३० मिग्रॅ/१ एमएल.

प्लाझ्मा २०० मायक्रोलिटर, डी७ २५, त्यात ४% फॉस्फोरिक अ‍ॅसिड २०० (८५ टक्क्यांच्या बाटलीतलं ४ एमएल, पाण्यात घालून १०० एमएल). फॉस्फोरिकच घ्या. ते औषध प्रोटीनपासून सोडवतं पण प्रोटीन पाडत नाही. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक घातलंत तर जागच्या जागी दही लागेल आणि कार्ट्रिज बंद.

कार्ट्रिज: मेथनॉल १ एमएल, पाणी १ एमएल. सँपल शक्यतो नुसत्या वजनाने उतरू द्या, सेकंदाला एखादा थेंब. व्हॅक्यूम लागला तर अगदी थोडा. इथे घाई केली की औषध रेझिनला भेटण्याआधीच खाली जातं, आणि तेही प्रत्येक कार्ट्रिजमधून वेगळं. मग २% फॉर्मिक अ‍ॅसिड १ एमएल: मीठ आणि प्रोटीन जातात, औषध पक्कं चार्ज होऊन सल्फोनिक गटाला बांधलं जातं. मग मेथनॉल १ एमएल. या रीतीचा सगळा जीव या पायरीत आहे. औषध आयनिक बंधाने धरलेलं असल्याने जागेवर राहतं आणि फॉस्फोलिपिडांचा मोठा वाटा वेस्टमध्ये जातो. पैसे वाचवायला हे मेथनॉल अर्धं करू नका. एक मिनिट पूर्ण व्हॅक्यूमने कोरडं. शेवटी मेथनॉल-अमोनिया ९५:५, दोनदा ०.४ एमएल, दर वेळी अर्धा मिनिट थांबून मगच सोडायचं. कोरडं करून १०० मायक्रोलिटरमध्ये.

क अचानक ४० टक्क्यांवर आला तर आधी अमोनियाची बाटली संशयित. उन्हाळ्यात दहा वेळा झाकण उघडलं की २५ टक्क्यांची बाटली २५ ची राहत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, एल्यूशनचं मिश्रण रोज ताजं करा. मिक्स्ड मोड अडकवून ठेवायला पक्कं असतं, अर्धवट अमोनियाने ते सोडत नाही.

तुमच्या कामाला मात्र माझं मत एलएलई. १२ तोंडांच्या मॅनिफोल्डवर ८० सँपल म्हणजे सात फेऱ्या. मिक्सरवर ते एकाच वेळी फिरतात. एसपीई राखून ठेवा, एलएलओक्यू ०.१ ला न्यायचं असेल तेव्हासाठी.

---

साय_आणि_साका

मावशींच्या मताला माझंही मत. एक राहिलं: उरलेल्या प्लाझ्मावर आणि सांडलेल्यावर १ ते २ टक्के हायपोक्लोराइट घालता ना, ते फक्त प्लाझ्मावरच. एसीटोनायट्राइल, मेथनॉल किंवा अमोनिया असलेल्या कॅनमध्ये हायपोक्लोराइट कधीही नाही. अमोनियाशी क्लोरामाइनचा वायू सुटतो. सॉल्व्हंटचा कॅन वेगळा, त्यावर नाव लिहून. प्लाझ्मा लागलेल्या टिपा आणि प्लॅस्टिक ट्यूब लाल पिशवीत, काचेच्या व्हायल निळ्या डब्यात.

आणि एलएलईनंतरचे व्हायल ऑटोसँपलरमध्ये १० अंशांना ठेवणार असाल तर पहिल्या बॅचला २४ तासांनी तेच क्यूसी पुन्हा इंजेक्ट करून बघा. पुन्हा विरघळवलेलं सँपल थंडीत गढूळ होतं कधीकधी. तसं झालं तर ४०:६० मधलं मेथनॉल ५० वर न्या, पण मग पीकचा पुढचा उतार तपासा.

---

अंबड_लिंकरोड

नोंदवलं. कार्बोनेट आजच बनवतो, डी७ आला की सहा ईडीटीए ब्लँकवर अ-ब-क लावून इथे आकडे टाकतो. ४९६ आणि ७५८ दोन्ही चॅनेल सुरूच ठेवतोय.